वक्ते

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटावर आणि पगाराच्या स्लिपवर आहे. कंपनीत त्यांना सगळे ‘वक्ते’ म्हणतात आणि त्यांना ते आवडतं, हे विशेष.

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रॅकेट बनतात. वक्ते क्वालिटीत. सुरुवातीची कैक वर्षं हा माणूस एका वाक्यात बोलायचा. “पंचाची धार गेलीये, भोकाला बर येतोय, दोन दिवस द्या.” एवढं सांगून चहाला जायचा. दोन दिवसांनी भोकाच्या काठाला राहणारा हा खरबरीत बर यायचा थांबायचा. पण एकदा गिऱ्हाईक कंपनीच्या लोकांपुढे हेच वाक्य बोलायची पाळी आली आणि वक्त्यांना दरदरून घाम फुटला. अप्रेझलमध्ये साहेबांनी ‘प्रेझेंटेशन स्किल’ या रकान्यात लाल शेरा मारला, एचआरने ट्रेनिंगला धाडलं. ट्रेनिंगला गेलेले क्वालिटी इंजिनीअर परत आलेच नाहीत. आले ते वक्ते.

आता सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये ते टेबलाशी बसत नाहीत. मधोमध येतात, पाय खांद्यांइतके फाकवतात, तळवे उघडे ठेवतात आणि काही क्षण नुसते उभे राहतात. मग म्हणतात, “मित्रांनो, कल्पना करा, की तुम्ही एक भोक आहात.” ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं असतं, की सुरुवात गोष्टीने करा. प्रेसशॉपचा सुपरवायझर खाली मान घालतो. मागे रात्रपाळीचं रिजेक्शन लाल रंगात लिहून ठेवलेलं असतं, पण भोकाचं बालपण संपल्याशिवाय तिकडे कोणी वळायचं नाही.

स्लाइडवरची आकडेवारीही गेली. तिथे हिमालय आला. हिमालयावर हात पसरून उभा असलेला पाठमोरा माणूस आला. (पॉवरपॉइंट बाजारात आलं १९८७ साली. त्याआधीही भोकांना बर येत होता आणि जातही होता.) नजर कशी ठेवावी, याचाही नियम आहे: एका श्रोत्याकडे एक वाक्य पुरं होईपर्यंत बघायचं. परवा वक्त्यांनी एक अख्खं वाक्य स्टोअरकीपरकडे रोखून बघत म्हटलं, तेव्हा त्याने कोणी न विचारता मागच्या महिन्याच्या स्टॉकमधला फरक कबूल करून टाकला.

“बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के,” हे त्यांचं आवडतं वचन. “३८ टक्के आवाज, ५५ टक्के देहबोली!” हे आकडे अल्बर्ट मेहरॅबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांमधून आले. ते प्रयोग सुट्या शब्दांचे आणि बोलणाऱ्याची भावना ओळखण्यापुरते होते. बोलण्याच्या प्रत्येक प्रकाराला हा हिशोब लागू होत नाही, असं खुद्द मेहरॅबियननीच सांगून ठेवलंय. नाही तर भाषा येत नसलेला तमिळ सिनेमा आपल्याला ९३ टक्के कळला असता. मी हे सगळं वक्त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “तुझे खांदे फार पडलेले असतात.”

आठवड्यातून एकदा ते टोस्टमास्टर्सच्या क्लबात जातात. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था. तिथे खरोखर चांगलं काम चालतं, ज्यांचे पाय लटपटतात त्यांना तिथे उभं राहायला बळ मिळतं. वेळ भरत आली की हिरवा, पिवळा, लाल इशारा होतो, आणि कोण किती वेळा ‘अं’ आणि ‘म्हणजे’ म्हणालं, हे मोजायला एक माणूस नेमलेला असतो. वक्त्यांनी ही नेमणूक कायमची अंगाला लावून घेतली. कंपनीत कोणीही तोंड उघडलं, की यांच्या डायरीत रेघा पडतात.

प्रेसवर जन्म काढलेले मामा निवृत्त झाले, तेव्हा नारळ हातात घेऊन कसेबसे उठले. म्हणाले, “मला काय बोलता येत नाय. तुमी सगळ्यांनी सांभाळून घेतलं.” पुढे त्यांना बोलवेना. टाळ्या झाल्या, काहींनी डोळे पुसले. वक्ते मामांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “मामा, भाषण छान. फक्त सुरुवात माफी मागून करायची नाही.”

“बरं साहेब,” मामा म्हणाले, “पुढच्या रिटायरमेंटला ध्यानात ठेवतो.”

एक मान्य केलं पाहिजे. माणूस बोलतो मात्र झकास. गिऱ्हाईक कंपनीचे लोक गेल्या खेपेला टाळ्या वाजवून गेले. मग त्याच तक्रारीची मेल पुन्हा आली, कारण पंचाला धार कोणी लावलीच नव्हती. वक्ते नवी सुरुवात शोधत बसले होते.

दिवाळीआधी मालकांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. ऑर्डरी घटल्यात, तिसरी पाळी बंद होतेय आणि यंदा इन्क्रिमेंट नाही, असं त्यांनी सांगितलं. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. शेजारच्या फिटरने घराच्या हप्त्याचा हिशोब बोटांवर सुरू केला. वक्त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं.

“बघितलंस? ‘इन्क्रिमेंट’च्या आधी पूर्ण तीन सेकंद थांबले! आणि कागदाकडे एकदाही नजर नाही!”

“अहो, तुमचंही गेलं ना त्यात.”

“गेलं असेल,” वक्ते म्हणाले, “पण सांगितलं कसं!”