शिवधनुष्य, चौतीस पाउंड

तिरंदाजीचं मैदान ही महाराष्ट्रातली बहुधा एकमेव जागा असेल, जिथे नवीन माणसाला आडनाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, स्वतःचा फ्लॅट आहे का हेही विचारत नाहीत. विचारतात एकच : ‘किती पाउंडाचं?’

पाउंड म्हणजे दोरी ओढून धरल्यावर बोटांवर येणारा भार. 28 इंच ओढीवर मोजून तो धनुष्याच्या खालच्या लिम्बवर, म्हणजे पात्यावर, लिहिलेला असतो. माझ्या लाकडी रिकर्व्ह धनुष्यावर 30 लिहिलं होतं. त्याला साइट नाही, स्टॅबिलायझर नाही, चाकं नाहीत. कंपाउंड धनुष्यात ओढ पूर्ण झाली की बराचसा भार चाकं स्वतःकडे घेतात आणि तिरंदाज निवांत नेम धरतो. पारंपरिक धनुष्याकडे ही दयामाया नाही. ओढाल तसं ते जड होत जातं आणि ऐन नेमाच्या वेळी सगळ्यात जड असतं.

त्यामुळे मैदानावर पाउंडांची एक उतरंड तयार झाली आहे. वीसवाले शाळेतून थेट दप्तरासकट येतात. तीसवाले म्हणजे आम्ही, मध्यमवर्ग. चाळीसवाले कडुनिंबाच्या सावलीत बसून इतरांच्या चुका सांगतात. पन्नासवाले कुणाशी फारसं बोलत नाहीत. त्यांचे बाणही लक्ष्याशी फारसे बोलत नाहीत, पण तो विषय काढायची पद्धत नाही.

माणसाला वर्ग बदलावासा वाटतोच. मी आमच्या प्रशिक्षक सरांना म्हटलं, ‘सर, आता चाळीस घ्यावं म्हणतो.’

सरांनी नाही म्हटलं नाही. ‘हातातलं तीस पूर्ण ओढा, दहापर्यंत मोजा आणि बाण न सोडता हळू परत आणा. मग बोलू,’ एवढंच म्हणाले. सहाला माझा डावा हात थरथरू लागला, आठला हनुवटी. शेजारी सुट्टीला साताऱ्याहून आलेली एक शाळकरी मुलगी होती. तिने आधी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं, पण मग तिला राहवलं नाही.

‘काका, खांदा कानाला लागतोय तुमचा.’

साताऱ्याच्या मुलींना असं बोलायचा अधिकार आहे. तिथल्याच अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मी मुकाट्याने खांदा खाली घेतला. धनुष्य दंडाने ओढायचं नसतं, पाठीने ओढायचं असतं. मागची खांद्याची पाती मणक्याकडे सरकली पाहिजेत. माझ्या पाठीने आजवर खुर्चीला टेकण्यापलीकडे कुठलीच जबाबदारी घेतलेली नव्हती. तिला या वयात नवीन खातं मिळालं.

अखेर सरांनी 34 मंजूर केले. चार पाउंड म्हणजे जेमतेम 1.8 किलो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण शंभर बाणांचा सराव केला की 180 किलो जास्तीचे ओढले जातात, आणि ही बेरीज रात्री कुशीवर वळताना खांदा तोंडपाठ म्हणून दाखवतो.

मनाला उभारी यावी म्हणून मी थोरामोठ्यांकडे वळलो. जनकाच्या घरचं शिवधनुष्य आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून पाच हजार माणसांनी ओढत आणलं, असं वाल्मीकी सांगतात. पाउंड मात्र सांगत नाहीत. आमच्या सावलीतल्या मंडळींना रामायणात एवढी एकच त्रुटी वाटते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं गेलं. त्यावरच्या लाँगबो धनुष्यांचा भार अंदाजे 100 ते 180 पाउंडांच्या घरात होता. तिथल्या काही सांगाड्यांच्या खांद्याची हाडं नीट जुळलेलीच नव्हती. कोवळ्या वयापासून जड धनुष्यं ओढल्याचा तो परिणाम असावा, असं अभ्यासक मानतात. त्याच काळातले धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी 1549 च्या एका प्रवचनात सांगितलंय, की वडील त्यांना वय आणि ताकद पाहून धनुष्य घेऊन देत. पोर वाढलं की धनुष्य वाढायचं. पद्धत उत्तम आहे. माझी अडचण एवढीच, की माझं वाढणं आता फक्त आडवं चालू आहे.

धनुष्य बदललं की बाणही बदलावे लागतात, ही गोष्ट घरी सांगायला सवड शोधावी लागते. सुटताना बाण वाकतो आणि लवत धनुष्याला वळसा घालून जातो. भार वाढला की जुना बाण गरजेपेक्षा जास्त लवतो आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा नेम उजवीकडे सरकतो.

‘अहो, मागच्या दिवाळीत घेतलेल्या बाणांचं काय झालं?’

‘ते मऊ पडले.’

‘बाण?’

‘हो.’

त्यानंतर स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर बराच वेळ शांतता होती.

तरी एक सांगतो, चौतीसची मजा वेगळी आहे. दोरी बोटांतून रेंगाळत नाही, स्वतःच निघून जाते. बाण कमी उंचावून जातो आणि लक्ष्यावरचा आवाज ‘फट्’चा ‘ठक्’ होतो. तो ‘ठक्’ ऐकायला मी मुद्दाम दोन पावलं मागे उभा राहू लागलो. तेवढ्यात सरांनी एक लांब बाण माझ्या धनुष्यावर चढवला, मला ओढायला लावलं, बाणावर खूण केली आणि टेप लावली.

‘तुमची ओढ 26 इंच आहे. इंचाला साधारण दोन पाउंड धरा.’

मी हिशेब केला. 28 इंचांवरचे चौतीस म्हणजे माझ्या आखूड हातात फक्त तीस. म्हणजे इतका काळ जो आकडा मी छाती काढून सांगत होतो, तो आता कुठे खरा झाला होता.

तेव्हा जड धनुष्य घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण चार-चार पाउंडांनी चढा, दहापर्यंत मोजता आल्याशिवाय चढू नका आणि लिम्बवरचा आकडा चारचौघांत सांगण्याआधी एकदा टेप लावून घ्या.