दुसरा नंबर

पावसाळ्यात पाचगणीकराला कामं दोनच. कपडे वाळत घालायचे आणि ते वाळले नाहीत, हे दर तासाने जाऊन बघायचं. मधल्या वेळात सिनेमा. त्यामुळे १ ऑगस्ट २०२५ला 'सितारे जमीन पर' शंभर रुपयांत यूट्यूबवर आला, तेव्हा तो पुन्हा बघायचा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला. जूनमध्ये थिएटरात पाहिला होताच. बाहेर पडताना सगळे 'चांगला आहे, चांगला आहे' म्हणत होते. मुलगी बघून आलेली मंडळीही जिन्यात असंच म्हणतात. नकार घरी पोचल्यावर ठरतो.

तो ठरवायला शेजारचे अण्णा आणि वहिनीही आल्या. या विषयात अण्णांचा अधिकार मोठा. आधीच्या 'तारे जमीन पर'चं शूटिंग आमच्या न्यू एरा हायस्कूलात झालं आणि ते अण्णांनी 'जवळून' पाहिलंय. २१ डिसेंबर २००७ला तो सिनेमा लागला आणि त्यातल्या छोट्या ईशान अवस्थीसाठी देशभर रुमाल भिजले. पाचगणीचेही भिजले, पण अधूनमधून. कारण उरलेला वेळ आम्ही ईशानच्या मागची भिंत बघत होतो. तो बिचारा घरापासून तुटून वसतिगृहात झुरतोय, सगळं थिएटर मुसमुसतंय आणि आमच्या रांगेतून आवाज येतो, "आरं, त्यो उतार बघ! तितंच मी सायकलवरनं पडलो हुतो!"

शेवटच्या चित्रकला स्पर्धेच्या वेळी तर अख्खं गाव पुढे सरकून बसायचं. ललिता लाजमी परीक्षक, ईशानचं ते तळ्याचं चित्र प्रत्यक्षात काढलं जलरंगातले उस्ताद समीर मंडल यांनी. पण या थोरामोठ्यांकडे बघायला वेळ कुणाला? गर्दीतली एक निळ्या शर्टाची पाठ आपली आहे, असा अण्णांचा दावा आहे. त्या दिवशी हे वाईच्या बाजाराला गेले होते, असं वहिनींचं म्हणणं. हा खटला २००७पासून चालू आहे आणि दर वेळी टीव्हीवर सिनेमा लागला की नवी तारीख पडते.

तर, 'सितारे' सुरू झाला. थोड्याच वेळात अण्णांनी विचारलं, "पाचगणी कवा येतीया?"

"येत नाही अण्णा. यात बास्केटबॉल आहे."

"मग आपल्याकडं काय ग्राउंडं न्हाईत?"

मी समजावलं, की नाव मिळतंजुळतं असलं तरी हे घराणं वेगळं. दिग्दर्शक आर. एस. प्रसन्ना, आणि गोष्ट आली आहे २०१८च्या एका स्पॅनिश सिनेमातून. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्या गुलशन नावाच्या कोचला कोर्ट शिक्षा देतं, की बौद्धिकदृष्ट्या वेगळ्या खेळाडूंची टीम तयार कर. "म्हंजे स्पेनला गेले, पण पसरणी घाट चढवंना," अण्णा म्हणाले. वहिनी मात्र खूश होत्या. कोचच्या बायकोच्या कामात जिनिलिया, म्हणजे देशमुखांची सून. ती पडद्यावर आली की त्या पदर सावरून बसत.

दुसऱ्यांदा बघताना खरी खोच कळते. ते दहा खेळाडू अस्सल आहेत, हसवतात तेही मनापासून. त्यातला एक आंघोळीला घाबरतो. ऑगस्टातल्या पाचगणीकराचं त्याच्याशी लगेच जमतं. पण 'तारे'मध्ये आमीर खान पडद्यावर येतो तोच मध्यंतराच्या सुमाराला. तोवर सगळी जागा त्या पोराची. आपणही त्याच्याबरोबर बाकावर बसून मार खातो, मग जोकराच्या वेषात आमीरचे निकुंभसर आले की जीव भांड्यात पडतो. इथे कोच झालेला आमीर पहिल्यापासून हजर, त्याची आई हजर, त्याचा संसार हजर. पोरांना त्यातून वेळ काढून खेळावं लागतं. परीक्षेत ईशान तीन गुणिले नवाचं उत्तर तीन काढतो, आठवतं? पृथ्वी प्लूटोवर आदळते, प्लूटो बाद, उरले तीन. दोन्ही सिनेमे जवळजवळ ठेवले की तोच हिशेब होतो: पहिला गुणिले दुसरा, बरोबर पहिला.

आणि गंमत बघा, शेवटी ती टीम फायनल हरते आणि दुसऱ्या नंबराचा असा जल्लोष करते, की जिंकलेल्यांना आपलं काही चुकलं की काय वाटावं. आपल्यावर काय परीक्षणं येणार, त्याचं उत्तर सिनेमाने आधीच देऊन ठेवलंय! आम्हांला ते पटायला हवं. महाबळेश्वरात पावसाळ्यात राहता येत नाही, म्हणून जॉन चेसन यांनी १८६०च्या दशकात पाचगणी वसवली. म्हणजे आमचं गावच मुळात दुसरा भाग. आजही पाहुणे निघतात महाबळेश्वरला, आणि वाटेत आम्ही लागतो. टेबललँडसुद्धा आशियात दुसरं, असं इथले गाईड छातीठोकपणे सांगतात. तरीही सिनेमाच्या बाबतीत आम्ही पहिल्यालाच धरून बसतो. तो अधिक चांगला आहे हे खरंच. पण त्यात आम्हीही आहोत, निदान आमच्या भिंती तरी, आणि तेव्हाचं आमचं वयही.

श्रेयनामावली संपली. अण्णा उठले, छत्री शोधली आणि निकाल दिला, "तिसरा काढला तर हितंच काढा म्हणावं. निळा शर्ट अजून हाय माझ्याकडं."

"काढू देत की," वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी वाईच्या बाजाराला मी जाईन."