टेकडीवरची भानगड

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला मुळीच सवय नाही, आणि २०२० साली तर नाक मोकळं होतंच कुठे! पण घर वेताळ टेकडीच्या पायथ्याशी असलं की पहाटे साडेपाचला खिडकीखालून काठ्यांचा खडखडाट, दबक्या आवाजातलं "आले का सगळे?" आणि त्यावर कुणाचं तरी "श्श्श!" हे कानावर पडतंच. कान काही मास्कनं झाकलेले नसतात, उलट तेच बिचारे मास्क धरून उभे असतात.

तर ही मंडळी आमच्याच भागातल्या हास्य क्लबातली. टाळेबंदीच्या आधी बागेत गोल करून, हात आभाळाकडे नेऊन हा-हा-हो-हो करायची. सगळी साठीच्या अलीकडची-पलीकडची. निवृत्त बँकवाले, माजी मुख्याध्यापिका, दोन डॉक्टर आणि एक खजिनदार, ज्यांचा मूळ व्यवसाय काय होता हे अजून कुणाला कळलेलं नाही. मार्चमध्ये बागांना कुलपं लागली. आता तोंड झाकून हसणार कसे, म्हणजे क्लब बंद पडला, असं आम्ही धरून चाललो. कसला पडतोय! ३ जूनपासून 'मिशन बिगिन अगेन' म्हणून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात मोकळ्या जागी चालायला परवानगी मिळाली आणि यांना जणू सनदच हाती आली. त्याच आदेशात 'गटानं काही करायचं नाही' असंही होतं. पण आदेश अर्धाच वाचायचा असतो, आणि ज्यांनी नोकरीभर परिपत्रकं काढली त्यांना कुठला अर्धा वाचायचा हे बरोब्बर ठाऊक असतं.

मग निघाली युक्ती. तिघा-चौघांच्या टोळ्या करायच्या. एकीनं कांचन गल्लीतून चढायचं, दुसरीनं पाषाणच्या अंगानं, तिसरीनं गोखलेनगरकडून. वर वेताळबाबाच्या देवळापाशी सगळ्यांनी योगायोगानं भेटायचं. आणि भेटल्यावर नाटक तरी किती! "अगंबाई, तुम्ही इकडे कशा?" "अहो, सहज आले, म्हटलं जरा हवा खाऊ." काल रात्री व्हॉट्सॲपवर याच बाईंनी सगळ्यांना वेळ कळवलेली. पोलिसांनी हटकलंच तर कुणीच कुणाला ओळखायचं नाही, असंही ठरलं होतं. नवरा-बायकोसुद्धा. हे कलम म्हणे एकमतानं आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं.

मला नवल वाटतं ते याचं की यातले निम्मे लोक लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावरून पिशवी दोरीनं खाली सोडणारे. गुडघे कुणाचेच धड नाहीत. लग्नकार्यात पंगतीला बसायचं म्हटलं की आधी खुर्ची कुठे आहे ते पाहायचं. आणि आता बोलणं काय तर बुटाची पकड, खिंड, निसरडा कातळ! आषाढीला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारकऱ्यांनी उंबऱ्यातूनच हात जोडले, आणि या माणसांना एक रविवार टेकडीवाचून काढवेना.

त्यात तो ऑक्सिमीटर. क्लबच्या पैशातून आणलेला, खजिनदारांच्या गळ्यात दोरीला अडकवलेला. वर पोचलं की एकेकानं बोट पुढे करायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. अठ्ठ्याण्णव! सत्त्याण्णव! दहावीचा निकाल लागावा तसं एकमेकांकडे बघणं. ज्यांना शहाण्णव आले त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा एका ताईंच्या बोटावर आला एक्क्याण्णव. झाली पळापळ. कुणी पाठ चोळतंय, कुणी पाणी पाजतंय, दोन्ही डॉक्टर दोन टोकांची मतं देताहेत. शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे विचारलं, "नखांना गडद रंग लावलाय ना?" बोट बदललं, विनारंगाचं पुढे केलं, अठ्ठ्याण्णव. टेकडीवर जाताना पहाटे पाचला नखं रंगवायची काय गरज होती, आणि कुणासाठी, हा प्रश्न मी विचारलेला नाही. पण तो विचारला गेला, एवढं नक्की.

पावसाळ्यात मात्र यांचं विमान सिंहगडापर्यंत गेलं. जिल्हाधिकाऱ्यांनी गड-किल्ले आणि धबधबे फिरायला बंदी घातली होती, त्यामुळे जायला हवंच होतं, नाही का? रविवारी निघाले तिघातिघांच्या गाड्यांतून. खडकवासल्याला पोलीस उभे. "कुठे निघालात?" पहिल्या गाडीनं सांगितलं, नातेवाईक आजारी आहे. दुसरीनंही तेच. तिसऱ्या गाडीनंही तोच नातेवाईक सांगितल्यावर हवालदार म्हणाला, "आजोबा, एका पेशंटला एवढी माणसं कोण भेटू देतं हल्ली?" मास्क हनुवटीवर होता म्हणून पाचशे रुपयांची पावती फाडून सगळी वरात परत. खजिनदारांनी ती 'प्रवासखर्च' या सदरात लावली म्हणतात.

हसू येतं, पण इथे माझा थोडा रागही आहे. त्या दिवसांत गावोगावच्या वाटांवर आडवे बांबू लावून 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' असे फलक लागले होते, ते काही हौसेनं नव्हे. गावात धड दवाखाना नाही, शहरातून चार माणसं खोकत आली तर निस्तरायचं कुणी? आणि हीच माणसं एरवी शहरवाल्यांची वाट पाहणारी. गडावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मटक्यातलं दही विकून वर्ष काढणाऱ्या बायकांचा जोर असतो पावसाळ्यातल्या रविवारांवर. गड बंद म्हणजे चुली बंद. आमच्या क्लबानं गेलेल्या रविवारांसाठी उसासे टाकले, त्या बायकांना मात्र उसाशांवर भागवता येण्यासारखं नव्हतं.

असो. टेकडी झाली, गड हुकला, मग उरली संस्कृती. तिला कोण अडवणार? झूमवर अंताक्षरी, हाउजी, नाट्यवाचन, काही म्हणजे काही सोडलं नाही. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते, हे लक्षात यायला गाण्याची मैफल व्हावी लागली. गाणाऱ्या बाई भैरवीचा नुसता आलाप घेताहेत आणि पडदा काळा. तेव्हापासून क्लबात भैरवी आधी आणि बाकीचे राग मागून असा पायंडा पडला. शास्त्र धाब्यावर!

पण सगळ्यांत कहर भोंडल्याचा. त्या वर्षी अधिक आश्विन, त्यामुळे नवरात्र ऑक्टोबरच्या मध्यावर आलं. पडद्यावर मधल्या चौकटीत पाटावरचा हत्ती, भोवती चौकटीचौकटीतून बायका आपापल्या दिवाणखान्यात एकट्या गोल फिरताहेत. एकीचं गाणं सासरी पोचलं तरी दुसरीची अजून माहेरातच पाठवणी चाललेली, कारण हिचं नेट जोरात आणि तिचं रखडलेलं. मग आली खिरापत. खिरापत ओळखायची ती डबा वाजवून. यजमानीणबाई जीव खाऊन डबा हलवताहेत आणि कुणालाच काही ऐकू येईना, कारण झूम असले खडखड आवाज गाळून टाकतं. बायका आपल्या अंदाजानं सांगताहेत: मटकीची उसळ, वाटली डाळ, श्रीखंडाची वडी. शेवटी डबा उघडला तर रिकामा! "खायला कोण येणारंय, म्हणून नाही केली," म्हणाल्या. आता बोला. त्या बाईंवर काही बायका अजून नाराज आहेत आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. साथ आली म्हणून डब्यात चमचाभर साखरही घालू नये?

डिसेंबरात 'सवाई' झाला नाही, तेव्हा पुण्यात किती घरांत सुतक असल्यासारखं वाटलं ते पुणेकरांनाच विचारा. आमच्या मंडळींनी टेकडीवरच सहा-सहा फुटांवर सतरंज्या टाकल्या, मोबाइलला छोटा स्पीकर जोडला आणि उन्हं वर येईपर्यंत भीमसेन ऐकले. मांडवात बसावं तसं पुढच्या जागेवरून दोघांत भांडणही झालं. समोर रंगमंच नाही, कलाकार नाही, तरी पुढची जागा! घरून डब्यात कांदाभजी नेली होती. गार तर झाली होतीच, शिवाय ओवा कमी पडला होता. मला कसं कळलं म्हणता? लोक सांगतात.

एप्रिल २०२१ मध्ये मात्र कुणी टेकडीकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसरी लाट होती. तो ऑक्सिमीटर तेव्हा पिशवीतून या दारातून त्या दारात फिरत होता, आणि आकडे मोठ्यानं कुणी सांगत नव्हतं. डबे पोचवायची यादी मुख्याध्यापिका बाईंनी केली. झूमचा दुवा रोज संध्याकाळी यायचा, गाणं व्हायचं नाही, नुसती हजेरी व्हायची. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, मग मी कितीही नावं ठेवो.

पुढे २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातले सगळे निर्बंध उठले. मास्कही ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आता उजळ माथ्यानं, एकाच वाटेनं, वाजतगाजत जा की टेकडीवर! पण कसलं काय. पहिल्या रविवारी बरेच आले, दुसऱ्या रविवारी कुणाचा नातू आला, कुणाचं लग्न, कुणाचा गुडघा. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. कायदा मोडायची सोय नाही म्हटल्यावर चढ फार आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. माझं स्पष्ट मत आहे की या वयाच्या माणसांना व्यायामाला बाहेर काढायचं तर महापालिकेनं टेकडीवर पुन्हा बंदी घालावी.

आणि हो, क्लबचा तो ऑक्सिमीटर शेवटी कुणाच्या घरी राहिला ते कळत नाहीये. दोरी निळी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया खजिनदारांकडे आणून द्यावा, कुणी काही विचारणार नाही.