भरतीला ठणठणीत, निवृत्तीला जन्मरोगी

सावद्याची केळी दिल्लीला पोचेपर्यंत काळी पडली, की तिथला व्यापारी सांगतो, ‘माल मुळातच खराब होता.’ उन्हात तापलेल्या वॅगनचा दोष नाही, वाटेत खोळंबलेल्या गाडीचा नाही. असा माणूस लष्कराच्या मेडिकल बोर्डावर नक्की शोभेल.

भरतीच्या वेळी आमच्या पोरांची छाती मोजतात, दात मोजतात, पार दमेस्तोवर पळवतात आणि मग ‘शेप-वन’चा, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा, शिक्का मारतात. पंधरा-सतरा वर्षांनी तोच फौजी घरी यायला निघाला, की बोर्डाला दिव्यदृष्टी येते. आजार त्याच्या पिंडातलाच! नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीत बळावलेलाही नाही. रक्तदाबाला तर चक्क भूगोल कळतो: सियाचीनला वाढला तर देशसेवा, देवळालीत वाढला तर घरची कटकट. अपंगत्वाच्या पेन्शनची पायरी वीस टक्क्यांवर, म्हणून कागदावर बरेचदा ‘१५ ते १९’ पडतात. केळीच्या वजनातल्या कटतीतही इतका हात बसलेला माणूस मी पाहिला नाही.

धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाले, १९९४ला फिट्समुळे घरी पाठवले गेले. पेन्शन नाकारली, कारण तेच, पिंड. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, की भरतीच्या कागदावर आजाराची नोंद कुठे आहे? नसेल, तर माणूस धडधाकट आला असंच धरा. उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर नाही, तुमच्यावर.

एवढं स्पष्ट ऐकल्यावर सरकार काय करणार? पुढच्या फौजीलाही तेच कारण सांगून नाकारणार! मग त्याने करायचं पहिलं अपील, दुसरं अपील, मग भुसावळहून रात्रीची गाडी धरून सशस्त्र दल लवादाचं मुंबई खंडपीठ. आणि तिथे फौजी जिंकलाच, तर संरक्षण मंत्रालय हायकोर्टात हजर. २०१५ साली मंत्रालयानेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सांगून पाहिलं, की बाबांनो, ही अपिलं आवरा. समितीचा अहवाल जाड होता म्हणतात. २०२३ साली अपंगत्वाच्या पेन्शनचे नवे नियम आले, तेही आधीपेक्षा कडक. शत्रूशी लढताना इतकी चिकाटी दाखवली तर सीमेवर पहारा ठेवायलाच नको.

कोणी थकून उशिरा दाद मागितली, तर त्याचीही सोय आहे: २००८च्या तरसेम सिंग निकालाच्या आधारे मागची थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती. म्हणजे आजार जन्मापासूनचा, पण हिशेब तीनच वर्षांचा.