कर्सर दिसत नाही, ही किरकोळ तक्रार नव्हे

डेस्कटॉप ॲपच्या बग-यादीत एक ओळ हमखास तळाशी पडलेली असते: ‘मजकुराच्या चौकटीत कर्सर दिसत नाही.’ प्राधान्य: कमी. हा शेरा साफ चुकीचा आहे. पुढचा आकडा नेमका कुठे पडणार हेच कळत नसेल, तर त्या ॲपमध्ये बिलाची रक्कम भरायची कशी?

दोष बऱ्याचदा फोकसच्या हिशेबात सापडतो. ही लुकलुकणारी रेघ, म्हणजे कॅरेट, विंडोज एका मेसेज क्यूला एकच देतं. चौकटीला फोकस मिळाला की कॅरेट तयार करायचा आणि फोकस गेला की मोडायचा, असं मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलंय. विंडो उघडताना एकदाच तो तयार करून मोकळे होणाऱ्यांचा कर्सर दुसऱ्या चौकटीत जाऊन परत आलं की हरवतो. त्याहून फसवं काय, तर हाइडकॅरेट हे फंक्शन मोजणी ठेवतं. पाच वेळा लपवलं असेल तर शोकॅरेटही पाच वेळा बोलवावं लागतं. कुठल्या तरी फंक्शनमधून मध्येच रिटर्न झालं, एक शोकॅरेट राहिलं, की कर्सर गायब. आधी या जोड्या जुळतात का ते पाहा. ग्राफिक्स ड्रायव्हरला नंतर दोष द्या.

रंगही घोळ घालतो. विंडोजचा कॅरेट खालचे पिक्सेल उलटे करून उमटतो: पांढऱ्यावर काळा, काळ्यावर पांढरा. मात्र 128 मूल्याचा मधला करडा उलटला की 127 होतो, म्हणजे डोळ्यांना तोच करडा. डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने केलेल्या ॲपमध्ये चौकटीची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली तर गडद थीमवर काळा कर्सर येतो. तिथे कॅरेटब्रशचा रंग ठरवून द्यायचा, एका ओळीचं काम आहे.

मग काही जण वैतागून रेघ स्वतःच काढायला घेतात, आणि माझा खरा राग यावर आहे. रेघ दिसते, पण ती कुठे आहे हे विंडोजला कुणी सांगतच नाही. परिणामी कमी दिसतं म्हणून मॅग्निफायर लावणाऱ्या माणसाला आपण टाइप करतोय ती जागाच सापडत नाही. वर मराठीची परवड वेगळी. ‘क्षितिज’ हा शब्द संगणकाच्या लेखी सात कोडांचा, पडद्यावर मात्र तीन अक्षरांचा. प्रत्येक कोडाची रुंदी सुटी मोजून बेरीज केली, तर हलन्ताची खूण आणि वेलांटी सुटी खूण दाखवताना येणाऱ्या ठिपक्यांच्या वर्तुळासकट मोजली जातात आणि कर्सर शब्द सोडून पुढे पळतो. ऱ्हस्व वेलांटी तर साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते त्याच्या आधी. मग खोडायला जावं एक, खोडलं जातं दुसरंच. फक्त इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. कर्सरची जागा स्वतः मोजायचीच नसते, ती मजकूर मांडणाऱ्या इंजिनाला विचारायची असते. विंडोजच्या डायरेक्टराइट या अशाच इंजिनात हिटटेस्टटेक्स्टपोझिशन हे फंक्शन त्यासाठीच दिलेलं आहे.

तेव्हा पुण्या-मुंबईत बसून ॲप लिहिणाऱ्यांनो, पुढची आवृत्ती देण्याआधी गडद थीम लावा, मॅग्निफायर सुरू करा, ‘क्षितिज’ टाइप करा आणि डावा बाण दाबत शब्दाच्या सुरुवातीला या. कर्सर वाटेत एखाद्या अक्षराच्या पोटात थांबला, तर ती आवृत्ती बाहेर काढू नका.