आधी घट्ट, मग सैल

आमच्या मामाचा ट्रॅक्टर माझ्याहून वयाने मोठा आहे आणि आजोळी त्याला मानही माझ्याहून जास्त आहे. कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामाचं गाव. तिथे भाताच्या खाचरांत आता टॉवर उगवलेत, पण अंगणात लाल बी-२७५ अजून उभा आहे. मूळ घराणं इंग्लंडातल्या डॉन्कास्टरचं. १९६३ साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासला सोबत घेऊन कंपनी काढली आणि त्याचा अवतार कांदिवलीत झाला. म्हणजे माहेर पश्चिम रेल्वेवर, संसार मात्र मध्य रेल्वेवर. सोसायची सवय त्यातूनच लागली असावी.

यंदा बांधावरच्या धोंड्याला धडकून त्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा डावा हात वाकला. या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंनी सरकणारे हात असतात. बोल्ट काढायचा, हात आतबाहेर करायचा, चाकांमधलं अंतर हवं तेवढं ठेवायचं. सोय उत्तम; फक्त मामाने ती आयुष्यात कधी वापरली नव्हती. कोकणातले पन्नासेक पावसाळे त्या बोल्टने एका जागी काढले होते, आणि वाकलेला हात काढायला आता तोच सोडवायचा होता.

मी डोंबिवलीत राहतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा, नोकरी ठाण्याच्या एका कारखान्यात, खरेदी विभागात. तीस वर्षांत लाखो बोल्ट विकत घेतले; सोडवला एकही नाही. मामाला यातला फक्त डिप्लोमा ठाऊक होता. "मेस्त्री कशाला? भाचा इंजिनेर हाय," त्याने गावभर सांगून टाकलं.

शनिवारी सकाळी मी नटला चोवीस नंबरचा पाना लावला. बसला, पण जरा सैल. देशाने मेट्रिक पद्धत कधीच स्वीकारली, या ट्रॅक्टरने नाही. नट १५/१६ इंचाचा, म्हणजे २३.८ मिलिमीटर. फरक दोन-तीन केसांचा. पण तेवढ्या फटीत माणसाची अब्रू मावते. तासाभराने नटचे कोपरे झिजून षटकोनाचा लाडू होऊ लागला.

मग डिझेल ओतलं, फवारा मारला. विहिरीच्या पंपाचा पाईप पान्याच्या दांड्यात घालून लोंबकळलो. तरफेचं तत्त्व अचूक निघालं. बोल्ट सोडून सगळं हललं: आधी पाना, मग मी, मग जॅकवरचा ट्रॅक्टर. लाकडी ओंडके खाली होते म्हणून निभावलं. एव्हाना कुंपणापाशी पाचसात जण जमले होते. एकाने घण सुचवला, दुसऱ्याने नारळ. मामी म्हणाली, "राहू दे रं, चहा घे." सगळ्यांत झोंबलं ते हेच.

शेवटी मेस्त्री आला. सडपातळ माणूस, खांद्यावर हत्यारांची गोणी, मागे पोऱ्याकडे गॅसचं सामान. त्याने नटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणी हात लावला होता?" गर्दी एकदम निःशब्द झाली.

त्याने आधी चाक उतरवून टायर दूर नेला, मग गॅस पेटवला आणि ज्योत फक्त नटवर धरली. गंज म्हणजे फुगलेलं लोखंड. मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा खातो. तिघांच्या बाकावर चौथा, पाचवा बसत गेला की कुणालाच उठता येत नाही, तसं आट्यांत झालेलं असतं. नट तापून फुगला की बोल्टवरची पकड ढिली होते आणि गंजाचा थर तडकतो. नट काळसर लाल झाल्यावर त्याने ज्योत विझवली, निखार थोडा उतरू दिला आणि मामीकडे मेणबत्ती मागितली. मला वाटलं, श्रद्धांजली. त्याने ती गरम आट्यांना टेकवली. मेण वितळलं आणि धूर सोडत आत खेचलं गेलं, तहानलेल्या मातीत पाणी जिरावं तसं.

मग त्याने इंची रिंग पाना ठोकून बसवला आणि उलटीकडे जोर लावला. म्हणजे घट्ट करायच्या बाजूला! "अहो, सोडवायचाय," मी म्हणालो.

"म्हणूनच," तो म्हणाला. "आधी कसायचा. जाम झालेला माणूस सरळ निघत नाही."

कट्ट! इतका बारीक आवाज की मामाने आपली बोटं तपासली. मग पाव फेरा सैल, थोडा घट्ट, पुन्हा पाव फेरा सैल. नट शेवटच्या आट्यावर आला तसा तो तिथेच ठेवून त्याने घण घातला, म्हणजे बोल्टचं तोंड पिचत नाही. पाचव्या घावाला बोल्ट भोकात सरकला. मग नट काढून लोखंडी कांबेने ठोकत तो बाहेर काढला. सुंभ जळला होता आणि पीळही गेला होता.

नव्या बोल्टला बोटभर ग्रीस फासून त्याने हात पुसले. मजुरी ऐकून मामा म्हणाला, "हा इंजिनेर फुकट पडला असता." मेस्त्री म्हणाला, "त्याच्या नटचेच जास्त लावलेत."

सोमवारी सकाळी डोंबिवलीहून जलद लोकल. ठाणं जवळ आलं तेव्हा मी दारापासून चार माणसं आत, सगळ्या बाजूंनी गच्च. रोज मी दाराकडे जोर लावतो आणि रोज खांदे अडकतात. त्या दिवशी मी अर्धं पाऊल मागे, डब्याच्या आत दाबलं.

मागचा गृहस्थ वैतागला. "काका, ठाणं ना? मग आत कुठे?"

"आटे सैल करतोय," मी म्हणालो आणि पाव फेरा वळलो.