पाठीला विचारून बॅग घ्या

ऐंशी-नव्वद हजारांचा लॅपटॉप घ्यायचा आणि तो वाहायला त्याच्यासोबत फुकट आलेली बॅग वापरायची, हा आपल्या नोकरदार जगाचा रिवाज झाला आहे. रॅम किती, प्रोसेसर कुठल्या पिढीचा, बॅटरी किती तास टिकते, यावर आठवडाभर चर्चा होते. बॅगेवर एक मिनिटही नाही. ती येतेच सोबत. नाहीतर रुजू होण्याच्या दिवशी कंपनी देते, भलामोठा लोगो छापून. ती निवडतो खरेदी विभाग: तीन कोटेशनं मागवतो आणि सगळ्यात स्वस्त उचलतो. कोटेशनं उघडणाऱ्याला दर आठवड्याला पुणे-नागपूर करायचं नसतं. ते करतो दुसराच कुणीतरी, आणि वाचलेल्या दोन-तीनशे रुपयांची वसुली त्याच्या मानेतून होते.

माझं म्हणणं सरळ आहे. कामासाठी फिरणाऱ्याची बॅग हे कामाचं हत्यार आहे. ते त्याच्या अंगाच्या मापाने घेतलं पाहिजे आणि त्याचे पैसे कामावर पाठवणाऱ्याने दिले पाहिजेत. हॉटेलचं बिल मंजूर होतं, टॅक्सीचं होतं, मग बॅगेचं का होऊ नये? लोगोच्या बॅगा घाऊक वाटण्याऐवजी तेवढीच रक्कम, वर थोडी भर घालून, ज्याच्या त्याच्या हातात द्या. तो लोगो तसाही धोक्याचा. रात्री दोनला एसटी स्टँडवर उतरणाऱ्याच्या पाठीवर आयटी कंपनीचं ठळक नाव, म्हणजे आत काय आहे याची जाहीर पाटी.

बॅग घेताना पहिला प्रश्न विचारावा तो तिच्या स्वतःच्या वजनाचा. किती कप्पे, किती लिटर, रंग कोणता, हे सगळं नंतर. रिकामी बॅग किती भरते? आठशे-नऊशे ग्रॅममध्ये चांगली बॅग मिळते, आणि दुकानात सगळ्यात रुबाबदार दिसणारी बहुतेक वेळा दीड किलोच्या पुढे असते. हिशोब मांडून बघा. पंधरा इंची ऑफिसचा लॅपटॉप पावणेदोन किलो, त्याचा अडॅप्टर वायरीसकट चारशे ग्रॅम, वीस हजार एमएएचची पॉवर बँक आणखी चारशे, एक लिटरची भरलेली स्टीलची बाटली सव्वा किलोच्या वर, आणि बॅग दीड किलो. सव्वापाच किलो झाले. अजून शर्ट ठेवलेला नाही, फाइल ठेवलेली नाही, डबा ठेवलेला नाही.

केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात पहिली ते दहावीच्या मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असं लिहिलं आहे. आपण मुलांच्या पाठीसाठी आवाज उठवला, तो योग्यच होता. तोच दहा टक्क्यांचा काटा पंचावन्न किलो वजनाच्या बाईला लावा. वरच्या हिशोबात तिची मर्यादा शर्टाआधीच संपत आली. तिच्यासाठी धोरण नाही, परिपत्रक नाही. शाळा सुटली की पाठीचा प्रश्न सुटतो, असं आपण गृहीत धरलं आहे.

विमानाचा काटाही दयामाया दाखवत नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला हातातल्या सामानासाठी 7 किलोची मर्यादा असते, आणि तिन्ही बाजूंची बेरीज 115 सेंटीमीटरच्या आत लागते. दीड किलोची बॅग घेणाऱ्याने पाचवा हिस्सा रिकाम्या कापडालाच देऊन टाकला. वजन कमी करायची सोपी जागा म्हणजे चार्जर. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर दीडशे ग्रॅमच्या आसपासचा गॅन (GaN) चार्जर लॅपटॉप आणि फोन दोन्ही सांभाळतो, आणि जुना विटेएवढा अडॅप्टर घरी राहतो.

वजनाइतकंच महत्त्व ते वजन कुठे बसतं याला. कळशी कमरेला टेकवून घेतली की बाई अर्धा मैल चालते; तीच हात लांब करून धरली की दहा पावलांत हात भरून येतो. लॅपटॉपचा कप्पा म्हणूनच पाठीला लागून हवा. तो मध्ये किंवा पुढच्या बाजूला असला तर बॅग मागे ओढते, माणूस पुढे वाकतो, आणि संध्याकाळी खांद्यांच्या मधोमध कळ उठते. पट्टे रुंद हवेत, आतला फोम दाबल्यावर पुन्हा उठणारा हवा. अंगठ्याने दाबल्यावर फोमचा चपटा पापड होत असेल तर ती बॅग जागेवर ठेवा. छातीवरची आडवी पट्टी बारीकसारीक वाटते, पण पट्टे खांद्यावरून घसरू देत नाही. ती वरखाली सरकवता येते का, हेही बघा.

ही शेवटची गोष्ट बायकांसाठी फार महत्त्वाची आहे, आणि बॅगा बनवणाऱ्यांनी ती सर्वांत कमी मनावर घेतली आहे. बाजारातल्या बहुतेक बॅगांचे पट्टे रुंद खांद्यांच्या पुरुषाच्या मापाने लावलेले असतात. अरुंद खांद्यांवर ते बाहेर घसरतात, म्हणून बाई एकाच खांद्यावर बॅग टाकते, आणि मग एकाच बाजूची मान धरते. त्यात जिथेतिथे वेल्क्रो. ओढणी, साडीचा पदर, लोकरीची शाल, सगळं त्यात अडकून दोरे निघतात. फिरतीच्या नोकऱ्यांत एवढ्या बायका असताना ‘प्रोफेशनल’ बॅगेचा नमुना अजून पुरुषाच्याच पाठीवर बेतला जातो, हे मला मान्य नाही. बायकांसाठी म्हणून गुलाबी रंग नको आहे, पट्ट्यांमधलं अंतर हवं आहे.

दुकानातल्या बॅगा कागदाच्या बोळ्यांनी फुगवून टांगलेल्या असतात. बोळे काढायला सांगा. स्वतःचा लॅपटॉप, चार्जर, भरलेली बाटली आत घाला, पट्टे आवळा आणि पाच मिनिटं दुकानात फिरा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. मग लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून तळ चाचपा. कप्पा बॅगेच्या तळाच्या दोन बोटं तरी वर संपला पाहिजे. तो थेट तळाला टेकत असेल तर बॅग फलाटावर आपटली की तिच्यासोबत लॅपटॉपचा कोपराही आपटला.

जाहिरातीतला बिझनेस ट्रॅव्हल म्हणजे काचेचा विमानतळ, कोट घातलेला माणूस आणि चकचकीत फरशी. आपला बिझनेस ट्रॅव्हल त्याहून कितीतरी मोठा आहे. बार्शीहून सोलापूर, सोलापूरहून अक्कलकोट करणारा एमआर आहे, ज्याच्या बॅगेत टॅबलेटशेजारी सॅम्पलची पाकिटं असतात. तालुक्यातालुक्यांत बँकेच्या शाखा तपासत फिरणारी ऑडिटर आहे. सकाळी सहाच्या शिवनेरीने पुण्याहून मुंबईला येऊन दादरला लोकल पकडणारा इंजिनिअर आहे. याला बॅग एकाच दिवसात पाठीवर, पोटावर, मांडीवर, रॅकवर आणि दोन सीटांच्या मधल्या फटीत ठेवावी लागते. लोकलच्या दारात कुणीतरी ओरडतंच, ‘ओ भाऊ, बॅग पुढे घ्या!’ पुढे घेतलेली बॅग हनुवटीला लागत असेल, किंवा तिच्या जाडीमुळे समोरच्याच्या पाठीत कोपर जात असेल, तर ती बॅग मुंबईची नाही. इथे उंच आणि सपाट बॅग चालते. गोल, पोट सुटलेली नाही. वरची मूठ मजबूत आणि हाताला पुरेल एवढी हवी, कारण गर्दीत बॅग रॅकवर चढवणारा हात पुष्कळदा अनोळखी माणसाचा असतो आणि तो त्या मुठीलाच धरतो. बाटलीचा खिसा खोल हवा. घाटातल्या वळणावर बाटली सुटून सीटखाली गेली की ती शेवटच्या थांब्यालाच सापडते.

चोरीच्या भीतीवर मोठी विक्री चालते. ‘अँटी-थेफ्ट’ हा शब्द छापला की किंमत चढते. पाठीकडच्या बाजूला असलेला लपता खिसा खरंच उपयोगाचा. पाकीट, तिकीट, आधार कार्ड तिथे ठेवावं. पण चेनला छोटं कुलूप लावून निश्चिंत होऊ नका. नेहमीच्या कॉइल चेनमध्ये बॉलपेनचं टोक खुपसलं तर दात सुटतात, आणि काम झाल्यावर स्लायडर फिरवून ती परत बंदही करता येते. मुक्कामाच्या बसमध्ये ड्रायव्हर-कंडक्टर बॅगेचा पट्टा पायात अडकवून झोपतात; रात्रीच्या प्रवासात तेच करावं.

बाहेरच्या बाजूने डोकावणारं यूएसबी पोर्ट हेही असंच विक्रीसाठी लावलेलं. आत एक वायर असते, एवढंच. वीज तुमच्याच पॉवर बँकेतून येते. वर पावसाचं पाणी शिरायला एक भोक वाढतं.

पॉवर बँकेचा विषय मात्र गंभीर आहे. ती चेक-इन सामानात टाकायची नाही, सोबतच ठेवायची, हा नियम सगळीकडे आहे. साधारण मर्यादा 100 वॉट-अवरची. 20,000 एमएएचची पॉवर बँक 3.7 व्होल्टच्या हिशोबाने 74 वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानाला आग लागली, विमान जळालं, सुदैवाने माणसं बाहेर निघाली. तपासात संशय पॉवर बँकेवर गेला, आणि तिथे ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यावरच बंदी आली. बॅग निवडताना याचा विचार करा. पॉवर बँकेचा खिसा असा हवा की सीटवर बसल्या बसल्या हात पोचेल आणि ती गरम झाली तर लगेच कळेल. कपड्यांच्या तळाशी दाबलेली पॉवर बँक तापली तर धूर निघेपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही. सुरक्षा तपासणीत लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात तेव्हा त्याच्या कप्प्याला बाहेरून स्वतंत्र चेन असली, तर मोजे आणि डबा जगाला न दाखवता काम होतं.

आणि पाऊस! मराठी माणसाने बॅग घेताना जूनपासूनचे चार महिने डोळ्यांसमोर ठेवावेत. लेबलवरचा डेनिअर हा आकडा धाग्याच्या जाडीचा: नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. 1680 बघून भुलू नका. मोठा आकडा म्हणजे जाड आणि जड धागा. पाणी थोपवणं हे त्याचं काम नाही. घासण्याला नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा सरस, उन्हाला पॉलिएस्टर बरं. दिवसभर मोटारसायकलवर फिरणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. पाणी थोपवतो तो कापडाच्या आतला लेप. स्वस्त बॅगांत हा लेप पॉलियुरेथेनचा, पातळ, आणि दमट हवेत काही वर्षांत सडतो. आधी चिकट होतो, मग पांढरा पापुद्रा होऊन लॅपटॉपच्या कीबोर्डवर गळतो. कोकणात आणि मुंबईत कपाटात बंद ठेवलेल्या बॅगेचं हे आधी होतं, म्हणून पावसाळ्यात बॅग हवेशीर टांगावी. दुकानात नवी बॅग उघडून आतून बोट फिरवा. लेप आत्ताच सुटत असेल तर तो माल वर्षानुवर्षं गोदामात पडलेला आहे. चामड्याची बॅग कितीही देखणी असली तरी जुलैत तिच्यावर बुरशी धरते. ज्याला रोज पुसणं जमणार नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये.

रेनकव्हर घ्याच, पण त्याच्यावर विसंबू नका. ते पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि मुसळधार पावसात पाणी नेमकं मानेवरून पाठ आणि बॅग यांच्या मधून उतरतं. ‘वॉटर-रेझिस्टंट’ चेनसुद्धा शिंतोडे अडवते, धार अडवत नाही. लॅपटॉप आतल्या आत एका जाड, तोंड घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला की प्रश्न संपला. याला शंभर रुपयेही लागत नाहीत.

बॅग फाटते ती कापडात क्वचितच. फाटते पट्टा बॅगेला जिथे शिवलेला असतो तिथे, मुठीच्या दोन टोकांना, आणि चेनच्या वळणावर. या तीन जागी शिलाई दाट, आडवी-उभी, दुहेरी आहे का ते बघा. मुख्य चेन जाड घ्या; पाच नंबरपेक्षा आठ किंवा दहा नंबरची जास्त टिकते, कारण नंबर ढोबळमानाने बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. स्लायडरवर वायकेके या चेन बनवणाऱ्या कंपनीची अक्षरं असतील तर चांगलंच, मात्र नकली अक्षरंही बाजारात भरपूर, म्हणून चेन दहादा ओढून बघा. कोपऱ्यावर अडखळली की नकार द्या. आणि अस्तर असं हवं की आतून शिलाईपर्यंत पोचता येईल. मग चेन गेली म्हणून बॅग फेकावी लागत नाही. तुमच्या स्टेशनबाहेरचा बॅग शिवणारा स्लायडर बदलून देतो, पट्ट्याला नव्याने टाके घालतो, तेही गाडी यायच्या आत.